मालगाडीच्या जुन्या वाघिणींची डागडुजी करणारे स्वयंसेवक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील एका वारसा रेल्वेच्या वॅगन शेडमध्ये मी बरीच वर्षे शनिवारी काम करत आलो आहे. सुट्टीच्या दिवशी कपडे काळे करून घेण्यात काय सुख आहे, असे मराठी मंडळी मला सतत विचारत असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जिथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाघीण म्हणजे वॅगनच ना? हा शब्द आला कुठून?

होय. ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाला आपल्या लोकांनी मराठी वळण दिले आणि त्याची ‘वाघीण’ झाली. जंगलातल्या वाघिणीशी तिचा काही संबंध नाही, पण वर्तमानपत्रांत ‘कोळशाच्या वाघिणी’ आजही सर्रास छापल्या जातात. माल वाहणाऱ्या कोणत्याही डब्याला हा शब्द चालतो, मग तो वरून उघडा असो, छपराचा असो किंवा नुसता सपाट पाटाचा असो. मालगाडीच्या शेवटी असणारा गार्डचा डबा माल वाहत नाही, तरी आमच्या शेडमध्ये तोही याच कुटुंबात मोजला जातो.

२. लोक वाफेचे इंजिन पाहायला येतात. मग तुम्ही वाघिणींवर का वेळ घालवता?

याचे उत्तर साउथ वेल्समधील बॅरी या गावच्या भंगार आवारात आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने झपाट्याने मोडीत काढली आणि त्यांतली जवळजवळ तीनशे इंजिने बॅरी येथील वुडहॅम यांच्या आवारात पोहोचली. त्याच काळात तिथे जुन्या वाघिणींचा ओघ सुरू होता. वाघीण तोडणे सोपे आणि झटपट पैसे देणारे काम असल्यामुळे कामगार आधी वाघिणी तोडत राहिले आणि इंजिने समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे तशीच उभी राहिली. पुढे हौशी मंडळींनी वर्गणी काढून त्यांतली २१३ इंजिने सोडवून नेली. आज ब्रिटनमधील वारसा मार्गांवर धावणाऱ्या इंजिनांपैकी कित्येक इंजिने वाचली, ती वाघिणी आधी कापल्या गेल्या म्हणून; त्या वाघिणींचे हे ऋणच आहे.

दुसरे असे की, ब्रिटनमधील रेल्वेचा जन्मच कोळसा वाहण्यासाठी झाला. १८२५ मध्ये स्टॉकटन आणि डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली, ती खाणींतला कोळसा नदीपर्यंत नेण्यासाठी. झळाळत्या इंजिनामागे फक्त प्रवासी डबे जोडून दाखवणे म्हणजे बाजारपेठ वगळून गावाचा नकाशा काढण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

३. ‘वारसा रेल्वे’ म्हणजे सरकारी संग्रहालय का?

नाही. बंद पडलेला किंवा बंद पडू पाहणारा मार्ग स्थानिक लोकांनी किंवा हौशी मंडळींनी संस्था स्थापून चालवायला घेतला, की त्याला वारसा रेल्वे म्हणतात. वेल्समधील टॅलिलिन या अरुंद मार्गापासून १९५१ मध्ये याची सुरुवात झाली आणि स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून ती ओळखली जाते. १९६० मध्ये लीड्सची मिडलटन रेल्वे आणि ससेक्समधील ब्लूबेल रेल्वे या ब्रिटनमधील नेहमीच्या रुंदीच्या मार्गांनीही तीच वाट धरली. बहुतेक ठिकाणी काही पगारी कर्मचारी आणि त्यांच्या कितीतरी पट स्वयंसेवक असतात. वाघिणींचे काम बहुधा स्वयंसेवकांच्या एका छोट्या गटाकडे असते. शेडमधली सगळ्यात मागची, छप्पर गळणारी जागा त्या गटाच्या वाट्याला येते.

४. मी अभियंता नाही. मला घेतील का?

घेतील. आमच्या गटात निवृत्त शिक्षक आहेत, एक परिचारिका आहे, एक हिशेबनीस आहेत आणि संगणकासमोर आठवडा घालवणारे माझ्यासारखे तिघे-चौघे आहेत. वेल्डिंग, आसांची (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची) तपासणी आणि ब्रेकची अंतिम चाचणी ही कामे प्रमाणपत्र असलेली व्यक्तीच करते. बाकीचे सर्व शिकता येते. वेळेवर येणे आणि हत्यार जागेवर ठेवणे या दोन गुणांना तिथे पदवीपेक्षा जास्त मान आहे.

५. पहिल्या दिवशी नेमके काय करावे लागते?

आधी सुरक्षेची माहिती देतात, सही घेतात आणि रुळांजवळ कसे वावरायचे ते दाखवतात. दोन डब्यांच्या मधून कधीही पलीकडे जायचे नाही, हा नियम पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितला जातो. त्यानंतर हातात तारेचा ब्रश किंवा नीडल गन येते. नीडल गन हे दाबलेल्या हवेवर चालणारे हत्यार असून त्याच्या तोंडाशी पोलादी सुयांचा जुडगा असतो. त्या सुया पुढेमागे आपटून गंज आणि रंगाचे थर उडवतात. आवाज इतका असतो की कानांत बोळे घालूनही संध्याकाळी जेवताना तो डोक्यात घुमत राहतो.

थर उडताना वाघिणीचे आयुष्य उलटे उलगडत जाते. वर काळे डांबर, त्याखाली राखाडी, त्याखाली एखाद्या कोळसा व्यापाऱ्याच्या नावातले लाल अक्षर. असे अक्षर दिसले की काम थांबवून फोटो काढायचा असतो, कारण पुढे रंग ठरवताना तोच पुरावा असतो (प्रश्न ९ पाहा). नवखा माणूस उत्साहाच्या भरात ते खरवडून टाकतो. मीही एकदा टाकले आहे.

६. जुन्या रंगात शिसे असते, असे ऐकले आहे. ते धोक्याचे नाही का?

धोक्याचेच आहे. पूर्वी लोखंडावर पहिला हात शेंदराचा, म्हणजे शिशाच्या लाल भुकटीचा दिला जात असे. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. तो ओला करून खरवडावा किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रासह काढावा, योग्य मुखपट्टी लावावी आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नये. गार्डच्या डब्यातल्या शेगडीभोवती किंवा तिच्या नळीवर अॅस्बेस्टॉस सापडण्याची शक्यता असते. तसा संशय आला, तर स्वयंसेवकांनी हात लावायचाच नाही. परवानाधारक माणूस येऊन ते काढून नेईपर्यंत डबा कुलूपबंद राहतो.

७. या वाघिणी मिळतात कुठून?

मुख्य मार्गावरून बाद झालेल्या वाघिणी पुढे अनेक वर्षे खाणी, पोलाद कारखाने, बंदरे आणि लष्करी कोठारे यांच्या आवारात राबत राहिल्या. तिथला अंतर्गत रेल्वेमार्ग बंद पडला, की त्या वारसा रेल्वेकडे येतात. छपराच्या डब्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. चाके काढून त्यांची नुसती खोकी शेतकऱ्यांना विकली गेली आणि त्यांत कोंबड्या, पेंढा, खत ठेवले जाऊ लागले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा डबा एखाद्या शेताच्या कोपऱ्यात, काटेरी झुडपांच्या जाळीत, जवळजवळ अभंग सापडू शकतो.

संख्येने सर्वांत जास्त होती, ती पोलादी बांध्याची १६ टनी कोळशाची वाघीण. ब्रिटिश रेल्वेच्या काळात अशा दोन लाखांहून अधिक वाघिणी होत्या. लेस्टरशायरमधील ग्रेट सेंट्रल रेल्वेवर या जातीच्या वाघिणींची एक लांब माळ जपलेली आहे. तिला ‘विंडकटर’ म्हणतात. त्या मार्गावर एके काळी जोरात धावणाऱ्या कोळशाच्या गाड्यांना ते टोपणनाव मिळाले होते.

८. फळ्या नव्या, बोल्ट नवे, रंगही नवा. मग ती जुनी वाघीण कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. १९२३ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेने, म्हणजे रेल्वे क्लिअरिंग हाउसने, १२ टनी लाकडी वाघिणीचा जो नमुना ठरवला, त्यात खालची चौकट ओकची आणि वरच्या फळ्या मऊ लाकडाच्या असत. फळी ही तेव्हाही झिजून बदलायचीच वस्तू होती. कोळसा, फावडे आणि पाऊस यांपुढे ती फार वर्षे टिकत नसे. रेल्वेच्या कारखान्यातही वाघिणीच्या आयुष्यात फळ्या अनेकदा बदलल्या जात. वाड्याचे कुजलेले वासे बदलले म्हणून कोणी तो वाडा नवा म्हणत नाही, तसेच हे आहे. मात्र जोते आणि तुळया तरी जुन्या राहिल्या पाहिजेत.

आमच्या गटाचा दंडक असा : लोखंडी भाग, आसाच्या पेट्या (प्रश्न ११ पाहा), चौकटीवरची ओतीव पाटी आणि शक्य तितकी ओकची चौकट मूळची ठेवायची. कुजलेला भाग तेवढाच कापून तिथे नवे लाकूड सांध्याने बसवायचे. नव्या तुकड्यावर, जोडल्यावर दिसणार नाही अशा बाजूला, वर्ष कोरायचे. नवे काय आणि जुने काय याची नोंदवही नसेल, तर कितीही सुबक काम झाले तरी ते खोटे काम आहे.

पोलादी वाघिणींत एक पेच असतो. ओल्या कोळशाच्या भुकटीने त्यांच्या बाजू तळाकडून सडत आणि रेल्वेचे कामगार तिथे पत्र्याची ठिगळे मारत. ही ठिगळे काढून सपाट नवा पत्रा लावला, तर वाघीण देखणी दिसते. माझ्या मते ठिगळे ठेवावीत. वाघीण कारखान्यातून निघाली तेव्हाची दिसण्यापेक्षा, राबत होती तेव्हाची दिसणे अधिक खरे आहे.

९. रंग आणि अक्षरे कशी ठरवता?

आधी वर्ष ठरवावे लागते, मग रंग आपोआप ठरतो. ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या वाघिणी गडद राखाडी असत, सदर्नच्या गडद तपकिरी. १९४८ मध्ये रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर साध्या हातब्रेकच्या वाघिणींना राखाडी आणि निर्वात ब्रेकच्या, म्हणजे इंजिनावरून सर्व डब्यांना एकदम लागणाऱ्या व्हॅक्यूम ब्रेकच्या, वाघिणींना विटकरी रंग मिळाला. क्रमांकापुढचे अक्षर वाघिणीचे मूळ सांगते : ‘डब्ल्यू’ म्हणजे ग्रेट वेस्टर्न, ‘एस’ म्हणजे सदर्न, ‘बी’ म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर बांधलेली आणि ‘पी’ म्हणजे पूर्वी खासगी मालकीची. या खासगी वाघिणी पाच लाखांहून अधिक होत्या. खाणमालक आणि कोळसा व्यापारी त्यांवर आपापली नावे मोठ्या, सावली दिलेल्या अक्षरांत रंगवून घेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांतल्या बहुतेक सामाईक वापरासाठी ताब्यात घेतल्या गेल्या आणि पुन्हा मालकांकडे गेल्या नाहीत.

कोळशाच्या काही वाघिणींवर एक तिरपा पांढरा पट्टा दिसतो. पट्ट्याचे वरचे टोक ज्या बाजूला असेल, त्या टोकाला उघडणारे दार असते. बंदरावर वाघीण उचलून तिरपी करत आणि त्या दारातून कोळसा थेट जहाजात ओतत. दार कोणत्या टोकाला आहे, हे हमालाला दुरूनच कळावे म्हणून तो पट्टा. मी रंगवलेला पहिला पट्टा उलट्या दिशेने गेला होता. दोन दिवस सगळे कौतुक करत होते. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त शंटर (यार्डात डबे जोडणारे-सोडवणारे कामगार) आले, त्यांनी वाघिणीभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, “कोळसा जहाजात टाकायचा आहे की मुकादमाच्या डोक्यावर?”

१०. रिव्हेटच मारता की वेल्डिंग करता?

मूळ वाघीण रिव्हेटची असेल, तर दिसणाऱ्या जागी रिव्हेटच मारतो. भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवलेला रिव्हेट चिमट्याने भोकात घालायचा, एकाने मागून जड लोखंड दाबून धरायचे आणि दुसऱ्याने हवेच्या हातोड्याने पुढचे डोके घडवायचे. सगळे काही सेकंदांत व्हावे लागते. रिव्हेट निवताना आकसतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळतो. म्हणूनच त्या सांध्याला पकड असते. चार माणसे जमली नाहीत, तर गोल डोक्याचे बोल्ट लावून काम पुढे नेतो आणि नोंदवहीत तसे लिहितो. मुळात वेल्ड केलेल्या वाघिणींना हा प्रश्नच नाही.

११. चाके आणि आसही स्वयंसेवकच दुरुस्त करतात का?

अंशतः. आसाच्या पेट्या उघडणे, साफ करणे आणि तेल भरणे हे काम आम्ही करतो. पेटीत आसाच्या टोकावर पांढऱ्या धातूचे अस्तर असलेले बेअरिंग टेकलेले असते आणि खालून तेलात भिजलेली गादी टोकाला घासत राहते. पेटीत पाणी शिरले किंवा गादी कोरडी पडली, की आस तापतो आणि अखेरीस तुटू शकतो. भारतातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना ‘हॉट अॅक्सल’ हा शब्द नवा नाही. गाडी थांबल्यावर प्रत्येक पेटीवर तळहात ठेवून पाहण्याची जुनी पद्धत आम्ही अजून सोडलेली नाही.

आसातली आतली चीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी ध्वनिलहरींची तपासणी लागते. ती प्रशिक्षित तंत्रज्ञच करतो आणि त्याने नापास केलेल्या आसावर वाद घालत नाहीत.

१२. दुरुस्त झालेली वाघीण खरोखर धावते का? किती वेगाने?

धावते. बहुतेक वारसा मार्गांवर वेगाची कमाल मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर असते. वेगापेक्षा ब्रेकचा प्रश्न नाजूक आहे. जुन्या ब्रिटिश मालगाडीत बहुतेक वाघिणींना फक्त हातब्रेक असे आणि त्या तीन कड्यांच्या सैल साखळीने एकमेकींना जोडलेल्या असत. चालती गाडी रोखायला इंजिनाचा ब्रेक आणि शेवटी बसलेल्या गार्डचा हातब्रेक, एवढेच हाताशी असे. मोठ्या उतारापूर्वी गाडी थांबवून काही वाघिणींचे ब्रेक दांड्याने दाबून खिळवत आणि उतार संपल्यावर पुन्हा सोडवत. निघताना गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळ्या ताणल्या जाण्याचा खणखणाट होतो. तो ऐकायला छायाचित्रकार पैसे भरून येतात आणि त्या पैशांतून पुढचे ओक विकत येते.

१३. अशा मालगाडीत बसून फेरी मारता येईल का?

वाघिणीत नाही. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे उतारावर सुटलेले प्रवासी डबे मागून येणाऱ्या गाडीवर आदळले आणि सुमारे ८० जण दगावले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि प्रवासी गाडीला सर्व डब्यांवर चालणारा, गाडी तुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. प्रश्न १२ मधली सैल साखळीची गाडी त्यात बसत नाही. काही रेल्वे ठरावीक दिवशी निर्वात ब्रेक असलेल्या गार्डच्या डब्यातून फेरी देतात. ती जरूर घ्यावी. हिवाळ्यात आतली शेगडी पेटलेली असेल, तर उतरावेसे वाटत नाही.

१४. मी पर्यटक व्हिसावर मुलाकडे येणार आहे. तेवढ्या मुक्कामात काम करता येईल का?

पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये नोंदणीकृत असलेल्या धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत विनामोबदला स्वयंसेवा करता येते, पण तो प्रवासाचा मुख्य हेतू असता कामा नये. मेख अशी की, बऱ्याच वारसा रेल्वेंमध्ये गाड्या चालवणारी कंपनी वेगळी आणि वाघिणींची मालकी असलेली धर्मादाय संस्था वेगळी असते. आपण कोणासाठी काम करणार आहोत, हे आधी लेखी विचारून घ्यावे. व्हिसाचे नियम बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरही खात्री करावी.

१५. मुलांना आणता येईल का?

पाहायला, होय. हत्यारे हाती द्यायला बहुतेक गट १६ वर्षांची अट घालतात. काही रेल्वेंची मुलांसाठी वेगळी शाखा असते.

१६. आपल्याकडच्या रेल्वेचा या विश्वाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट बार्शीचा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. ती १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली. तिचे रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराचे होते. कॅलथ्रॉपचा आग्रह असा होता की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू नये, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि वाघीण मात्र पोटभर माल घेते. त्यासाठी त्याने साच्यात दाबून घडवलेल्या पोलादी चौकटीच्या वाघिणी लीड्समध्ये बनवून घेतल्या आणि भारतात पाठवण्यापूर्वी तिथेच त्यांची चाचणी घेतली. बार्शीचा अनुभव घेऊन त्याने पुढे इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे बांधली. ती १९०४ ते १९३४ चालली. म्हणजे या बाबतीत सोलापूर जिल्हा आधी आणि इंग्लंड नंतर. (उतारवयात याच गृहस्थाने विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री विकसित केली, हे जाता जाता.)

आज बार्शी लाइटचा मार्ग रुंद झाला आहे. भारतात जुनी वाहने दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी जपली जातात, पण तिथली व्यवस्था रेल्वे खात्याची आहे. शनिवारी जाऊन गंज खरवडायची सोय तिथे नाही. मात्र कुर्डुवाडी किंवा लातूर परिसरातील ज्या घरांत छोट्या गाडीचे फोटो, पावत्या किंवा नोकरीची कागदपत्रे असतील, त्यांनी ती जपावीत. वाघिणीचे मोजमाप बऱ्याचदा फोटोवरूनच काढावे लागते.

१७. स्वतःची वाघीण विकत घेता येईल का?

येईल आणि अनेकांनी घेतली आहे. वाघिणीची किंमत बहुधा भंगाराच्या भावाच्या आसपास असते. खरा खर्च ती क्रेनने उचलून ट्रेलरवरून आणण्यात आणि पुढच्या लाकूड-पोलादात होतो. त्याहून महत्त्वाचा असतो तो जागेचा करार. वाघीण तुमची, पण रूळ रेल्वेचे. भाडे किती, काम किती वर्षांत पूर्ण करायचे, मालक वारल्यास वाघीण कोणाची, हे कागदावर नसेल तर पुढे वारसदार आणि रेल्वे यांच्यात वितुष्ट येते. एकट्याने घेण्यापेक्षा गटाच्या वाघिणीवर दोन वर्षे काम करून मग ठरवावे. आमच्याकडे एका वाघिणीला साधारण तेवढाच काळ लागतो.

१८. एखादी वाघीण दुरुस्त करू नये, असेही कधी ठरते का?

ठरते, आणि हा निर्णय गटात सगळ्यात जास्त भांडणे लावतो. आमच्या शेडमध्ये शेतातून आणलेला छपराचा एक डबा आहे. बाहेरून तो कोंबड्यांच्या खुराड्याइतकाच दीनवाणा दिसतो, कारण तो खुराडाच होता. आत मात्र फळ्यांवर हमालांनी खडूने केलेल्या पोत्यांच्या मोजणीच्या रेघा अजून आहेत : चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या. फळ्या बदलल्या तर त्या जातील आणि फळ्या न बदलता डबा धावू शकत नाही. तीन सभा झाल्या. शेवटी छप्पर गळायचे थांबवले, चौकटीला खालून आधार दिला, दाराला जाळी लावली आणि आतला ब्रश कोणी उचलायचा नाही, अशी चिठ्ठी डकवली. त्याच्या बाजूच्या रुळावरची वाघीण या उन्हाळ्यात रंगून बाहेर पडेल.